चिमणीची खुशाली

ती मुलगी तिसऱ्या भागात मरते. जगभर मरते. दौंड तालुक्यात मात्र मरत नाही.

हे एका माणसानं केलं. राहू गावचे रोहिदास आप्पा. झेंडू आणि शेवंती करणारे शेतकरी. त्याआधी बरीच वर्षं दौंडला, स्टेशन रोडवरच्या एका व्हिडिओ सेंटरमध्ये ऑपरेटर. वयानं माझ्या आजोबांच्या जवळपासचे, पण माझे मित्र. त्यांच्यावर लिहायचं खूप दिवस मनात होतं. तेव्हा वेगळं लिहिलं असतं. शिरूरला जे झालं ते पाहिल्यावर तसं लिहिता येत नाही.

आधी सिनेमाचं सांगायला हवं.

परदेशातली ही अवकाशाची मालिका. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. दौंडात ते कुणी घेतलं नाही. कॅसेटच्या खोक्यावर उडती तबकडी छापलेली होती, म्हणून सिनेमाचं नाव ‘तबकडी’ पडलं. तबकडी एक, तबकडी दोन. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं अजून तसंच म्हणतात.

पहिला भाग ऐंशीच्या सुमाराला निघाला. काढणाऱ्यांकडे पैसे नव्हते. एका गोदामात पत्र्याची यानं दोऱ्यांनी टांगून त्यांनी शूटिंग उरकलं. गोष्ट साधी होती. माल वाहणारं जुनं यान, त्याचा चालक, त्याची एक सहकारी आणि एक यंत्रमानव. एका फुटलेल्या यानात त्यांना लहान मुलगी सापडते. तिला ते ठेवून घेतात. सिनेमा चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो चालला. दुसऱ्या भागाला पैसा मिळाला. त्यात मुलगी लाल टोपी घालते, यानाच्या नळ्यांमधून रांगत जाते आणि मोठ्यांना न सापडलेला बिघाड काढते. लोक तिच्यासाठी पुन्हा पुन्हा गेले. तिच्या बाहुल्या निघाल्या.

मग भांडणं झाली. मूळ दिग्दर्शक बाहेर पडला. तिसरा भाग दुसऱ्याच कंपनीनं काढला आणि त्यांनी मुलीला मारलं. यानाच्या मागच्या भागाला आग लागते. मधलं दार बंद केलं नाही तर सगळेच जातील. मुलगी दाराच्या पलीकडे असते. चालक दार बंद करतो. मरण पडद्यावर दिसत नाही. नुसतं दार दिसतं. मग काळोख, आणि लांब एक उजेडाचा ठिपका. तुटून गेलेला, जळणारा भाग.

तिकडचे प्रेक्षक चिडले. सिनेमा पडला, कंपनी बुडाली, त्या भागाचे हक्क कोर्टात अडकले. तो टीव्हीवर कधी लागला नाही. हिंदीत आला नाही. पुढचे भाग पहिल्या कंपनीनं काढले. त्यांना ते प्रकरणच नको होतं. त्यांनी मुलीचं नावही घेतलं नाही.

म्हणून आप्पांचं इतकी वर्षं निभावलं.

सेंटरचे मालक सोपानराव. लांबट खोली, खिडक्यांना गोणपाट, पुढं टीव्ही आणि व्हीसीआर, मागं बाकडी. हिंदी कॅसेटला भाडं जास्त पडायचं, इंग्रजीला कमी. पण इंग्रजी कुणाला कळायचं नाही. लोक शिट्ट्या मारायचे, उठून जायचे. एकदा आप्पा मशीनपाशी उभ्या उभ्या मोठ्यानं गोष्ट सांगू लागले. लोक बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सोपानरावांनी लग्नाच्या मांडवातला असतो तसला माईक आणून दिला.

आप्पांनाही इंग्रजी येत नव्हतं. नवी कॅसेट आली की ते सकाळी शटर अर्धं खाली ओढून ती एकट्यानं बघायचे आणि गोष्ट बसवायचे. समोर बसणारे बहुतेक रेल्वेतले. रूळ बदलणारे पॉइंट्समन, यार्डातले खलाशी, हमाल. म्हणून आप्पांचं अवकाशही दौंड जंक्शनसारखं होतं. यानाचा चालक म्हणजे डायवर. त्याची सहकारी गार्डबाई. यंत्रमानव म्हणजे डबा. मुलीचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना. तिला ते चिमणी म्हणाले.

“आता बघा मंडळी,” असं ते सांगायचे. “डायवरनं गाडी बाजूच्या लूपला घेतली. मेनवरनं दुश्मनाची सुपरफास्ट चाललीय. गार्डबाई म्हणती, सिग्नल न्हाई. डायवर म्हणतो, बाई, आकाशात कुठला आलाय सिग्नल.”

हे त्यांनी मला राहूत, आमच्या गावात, म्हणून दाखवलेलं. तेव्हाही त्यांचा आवाज चांगला होता. खर्जातला, सावकाश.

तिसऱ्या भागाची कॅसेट आली त्या वर्षी आप्पांची मुलगी गेली होती. चार वर्षांची. तापात. हे त्यांनी मला झेंडू तोडताना एका वाक्यात सांगितलं. “एक पोरगी व्हती आमाला. चार वर्सांची गेली.” नाव सांगितलं नाही. मी विचारलं नाही. लगेच ते कॅसेटकडे वळले.

ती आली त्या सकाळी त्यांनी ती एकट्यानं पाहिली. दार बंद झालं तिथं मशीन थांबवलं. पुढचं बघितलंच नाही. दुपारच्या खेळाला खोली भरलेली. चिमणीचा नवा भाग म्हणून लोक दारात उभे. दार बंद झालं तसं सगळं गप्प झालं. इंग्रजी न कळणाऱ्यालाही कळलं होतं. आप्पांच्या हातात माईक होता.

“मी म्हटलं, घाबरू नका. पलीकडं दुसरं यान लागल्यालं हाय. चिमणी त्यात बसली. त्यो बघा दिवा. निघाली.”

“मग?”

“मग काय. टाळ्या.”

लोकांनी ते मान्य केलं. नुसतं मान्य नाही, पुढं पसरवलं. दौंडच्या स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यावर बाळासो म्हणून एक निवृत्त हमाल बसतात. मी त्यांना मुद्दाम विचारलं होतं.

“चिमणी? जित्ती हाय की.”

“पण मामा, तिसऱ्या भागात मरते ती. पुण्यातले लोक सांगतात.”

“पुण्यात मरत आसंल,” ते म्हणाले. “तिथं माणसाला इचारतंय कोण.”

चहावाला हसला. बाळासो हसले नाहीत. त्यांनी तो दिवा स्वतः पाहिला होता.

मी मराठी घेऊन एम. ए. झालो. शिरूरच्या कॉलेजात. आता केडगावला एका क्लासमध्ये शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या अंगणात बसून तबकडीचा विषय निघाला होता. मी सहज म्हणालो, तिसऱ्या भागात ती मुलगी मरते ना. आप्पांनी माझा दंड धरला. “हळू बोल,” म्हणाले. आत धुरपदामावशी भाकरी थापत होत्या. आप्पांनी मला उठवलं आणि शेवंतीच्या वावरात नेलं. तिथं सगळं सांगितलं.

धुरपदामावशी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांनी तबकडीचा एकही भाग पाहिलेला नव्हता. व्हिडिओ सेंटरमध्ये बायका जात नसत. आप्पा सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. मावशी पडवीत हार ओवत बसायच्या, बरोबर शेजारच्या दोघीतिघी. आप्पा त्यांना सिनेमा सांगायचे. मुलगी गेल्यानंतर मावशी कुणाशी बोलत नव्हत्या. आप्पांनी तिसरा भाग सांगितला तेव्हा सुई थांबवून त्यांनी विचारलं, “पोरगी वाचली का पर?”

“वाचली,” आप्पा म्हणाले.

मग तसंच चाललं. चौथा भाग आला. त्यात चिमणी नाही. आप्पा घरी सांगायचे, चिमणी लांबच्या स्टेशनात शिकायला हाय, डायवरला तिची खबर आली. पाचवा भाग फारच वाईट होता. मूळ नट सोडून गेला होता, नव्याची दाढी चिकटवलेली दिसत होती. तोवर दौंडात केबल आली. सेंटर बंद पडलं. आप्पा राहूला परतले, फुलं करू लागले. सहावा भाग सीडीवर आला. पुढं बरीच वर्षं काहीच नाही. मग मालिका लहानपणी पाहिलेली मुलं तिकडं दिग्दर्शक झाली. त्यांनी आधीच्या काळातल्या गोष्टी काढल्या, सगळ्या कॉम्प्युटरवर केलेल्या. त्यात चिमणी असायचा प्रश्नच नव्हता.

मावशी मात्र विचारायच्या. “नवा भाग आला म्हनं. चिमणी कशी हाय?”

आप्पा सांगायचे. चिमणीनं परीक्षा दिली. चिमणी स्वतः गाडी चालवायला लागली. चिमणीचं लग्न ठरलं, मुलगा सिग्नल खात्यातला. चिमणीला मुलगी झाली. एकदा दोन भागांच्या मधे फार वर्षं गेली तेव्हा मावशींनी न राहवून विचारलं. सिनेमाच नव्हता. आप्पांनी सांगितलं, पेपरात आलंय, बरी हाय ती.

मला हे ऐकून फार आनंद झाला होता. आपल्या गावात एक माणूस चाळीस वर्षं एका परदेशी मालिकेला समांतर गोष्ट रचतो आहे. एका श्रोत्यासाठी. मी त्यांना म्हणालो, “आप्पा, तुम्ही कादंबरीकार आहात.”

“मला वाचायचा कट्टाळा हाय,” ते म्हणाले.

चिमणीचं वय आणि त्यांच्या मुलीचं वय बरोबरीनं वाढत होतं. ते मला तेव्हा दिसलं नाही. मला गोष्ट दिसत होती.

या वर्षी शेवटचा भाग आला. कंपनीनं जाहीर केलं होतं, आता पुढं नाही. पहिल्या भागातला मूळ नट म्हातारा होऊन परत आला होता. हिंदीत डब झालेला. शिरूरच्या नव्या थिएटरला लागणार होता.

आप्पांची नात पिंकी रांजणगावला एका कंपनीत नोकरीला आहे. मुलगा ज्ञानेश, त्याची ही मुलगी. पिंकी आजीची लाडकी. तिनं मोबाईलवर जाहिरात पाहिली आणि आजीला न विचारता तिकिटं काढली. आजीनं जन्मभर तबकडी ऐकली, एकदा तरी डोळ्यांनी बघू दे, असं तिच्या मनात. यात वाईट काय होतं.

मी ती जाहिरात पाहिली. म्हातारा डायवर एका ओसाड ग्रहावर एका दगडापुढं लाल टोपी ठेवतो. मी आप्पांना दाखवली. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. दोनदा पाहिलं.

“तिकिटं संपली म्हणून सांग तिला,” ते म्हणाले.

“काढून झालीत आप्पा. पिंकीच्या मोबाईलमध्ये आहेत.”

“गाडी नादुरुस्त हाय म्हण.”

“माझी गाडी नादुरुस्त झाली तर ती एस. टी.नं नेईल.”

आप्पा बांधावर बसले. हातात तोडलेला झेंडू होता, तो चुरत राहिले. “तिला सोसायचं न्हाई रं,” म्हणाले. “तिला वाटतंय, ती पोरगी कुठंतरी हाय. सिनेमात का होईना. तेवढं तरी ऱ्हाऊ दे.”

मी म्हणालो, खरं सांगून टाका. शिरूरला जायच्या आधी. तुमच्या तोंडून कळू दे.

“तू सांग.”

“मी कसा सांगू?”

आप्पांनी चुरलेला झेंडू टाकून दिला. मग उठले. “मी येतो संगं,” म्हणाले. “शेजारी बसतो. डब झालेला आसला म्हणून काय झालं. मी सांगतो तिला, सेंटरात सांगायचो तसं.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. ते चेष्टा करत नव्हते.

रविवारी दुपारच्या खेळाला निघालो. गाडी मी चालवत होतो. पारगावच्या पुलावरून न्हावऱ्यामार्गे. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पदराला शेंगदाणे आणि गूळ बांधून घेतला होता. पिंकी म्हणाली, “आज्जे, थेटरात आत नेऊ देत नाहीत.” मावशी म्हणाल्या, “पदर बी काढून ठिवायला लावत्यात का काय.”

आप्पा पुढं माझ्याशेजारी बसले होते. रस्ताभर मागं वळून सांगत होते. “ह्या भागात लई बदलून टाकलंय म्हणत्यात. मूळचं काय ठिवलं न्हाई. कायबी दाखवत्यात हल्ली.”

“बघू की,” मावशी म्हणाल्या.

“तसं न्हाई, खरं मानायचं नसतं सगळं.”

“अवं, सिनेमा हाय त्यो.”

आप्पा पुन्हा समोर रस्त्याकडे वळले. पिंकी खिडकीतून बाहेर बघून हसत होती.

थिएटरमध्ये मावशी मधे. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला पिंकी. मी आप्पांच्या पलीकडे. अंधार झाला. आवाज इतका मोठा की मावशींनी कानावर पदर घेतला. मग हळूहळू काढला. पडदा बघून त्या थोडं पुढं सरकल्या. इतक्या वर्षांनी त्यांना ते यान पहिल्यांदा दिसत होतं.

आप्पा वाकून कुजबुजले, “ह्यो डायवर. म्हातारा झालाय.”

“दिसतंय.”

“त्यो डबा.”

“वळाकला मी. तुमी सांगितलं व्हतं तसाच हाय.”

आप्पांना बरं वाटलं असावं. ते सांगत राहिले. हिंदी संवाद चालू, त्यावर आप्पांचं मराठी. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघू लागली. मी आप्पांच्या हातावर हात ठेवला.

मध्यंतर झालं. पिंकी आजीसाठी मक्याच्या लाह्या घेऊन आली. मावशींनी विचारलं, “चिमणी अजून आली न्हाई?” आप्पा म्हणाले, “येईल. तिचं काम लांब हाय.” पिंकीनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरं माहीत होतं, मोबाईलवर वाचून. आजोबा असं का म्हणतात ते तिला कळेना. मी मान खाली घातली.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. ओसाड ग्रह. वारा. म्हातारा डायवर दगडापाशी गुडघ्यावर बसतो. टोपी ठेवतो. मुलीचं खरं नाव घेतो आणि हिंदीत म्हणतो, बेटी, चालीस साल हो गए. वह दरवाज़ा मैंने बंद किया था.

आप्पांनी लगेच सुरुवात केली. “हे दुसऱ्याच कुणाचं हाय. सपान पडलंय त्याला. चिमणी तिकडं...”

पुढून एक पोरगा म्हणाला, “काका, प्लीज.”

“...चिमणी तिकडं तिच्या गाडीवर हाय. आता दिवा दिसल बघ, लांब.”

दिवा दिसला नाही. डायवर बोलत होता. तो दगडाशी बोलत राहिला. ती झोपेत दात कसे खायची. तिला अंधाराची भीती वाटायची, पण डब्याला वाटत नाही म्हणून ती कबूल करायची नाही. सूप ओतून द्यायची आणि प्यायले म्हणायची. असं काहीबाही. बराच वेळ. एवढ्या खर्चाच्या सिनेमात एक म्हातारा नुसता बसून एका मुलीच्या सवयी सांगत होता.

आप्पा अजून कुजबुजत होते. शब्द लागत नव्हते.

“गप बसा,” मावशी म्हणाल्या. “मला ऐकू येतंय.”

पुढं अर्धा तास लढाई होती. आमच्यापैकी कुणी ती पाहिली असं मला वाटत नाही.

बाहेर ऊन होतं. पार्किंगच्या कडेला सिमेंटचा कठडा आहे. मावशी तिथं बसल्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. लुगड्याचा काठ नीट केला. आप्पा समोर उभे.

“कितव्या भागात गेली ती?” मावशींनी विचारलं.

“तिसऱ्या.”

“म्हंजी त्याच वर्सी.”

“व्हय.” आप्पा म्हणाले, “तुला सांगवलं न्हाई.”

मी मधे पडलो. मला वाटलं, बाजू मांडायला हवी. म्हणालो, “मावशी, तुमच्यासाठीच केलं त्यांनी. इतकी वर्षं तिला जगवलं.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान मुलाकडं बघतात तसं. मग आप्पांकडे वळल्या.

“दरसाल तिची खुशाली आणली तुमी. ती शिकली, ती लग्नाची झाली. मी ऐकत ऱ्हायले. म्हटलं, तिच्यावरनं कवातरी हिच्यावर येतील. शितलचं नाव घेतील. एकदा. तेवढ्यासाठी इचारत व्हते मी.”

“कोण शितल?” पिंकी म्हणाली.

पिंकी एकोणीस वर्षांची आहे. त्याच घरात वाढली. तिला एक आत्या होती हे तिला शिरूरच्या पार्किंगमध्ये कळलं.

“आईनं सांगितलं व्हतं,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फार लहान झाला होता. “हिच्यापुढं नाव काढू नगा म्हणली व्हती. नावानं जीव अडकतो, दुसरं लेकरू टिकत न्हाई.”

“आत्याबाई जाऊन किती वर्सं झाली?” मावशी सासूबद्दल म्हणाल्या.

आप्पा बोटांवर मोजू लागले.

“ज्ञानेश टिकला. त्याची पोरगी हाफिसात जाया लागली. आता कुणाचा जीव अडकायचा ऱ्हायलाय?” मावशी थांबल्या. “त्या डायवरनं घेतलं की नाव. एवढ्या मानसांदेखत घेतलं.”

मी तिथं उभा होतो. मी या गोष्टीला सुंदर म्हणत होतो. क्लासमध्ये मुलांना सांगितली होती. ती बाई चाळीस वर्षं सुई-दोरा घेऊन समोर बसली होती आणि वाट बघत होती. तिला चिमणीची खुशाली नको होती.

येताना गाडीत मावशींनी पदराची गाठ सोडून शेंगदाणे पिंकीला दिले. पिंकीनं ते मुठीत धरून ठेवले.

नंतर पिंकीनं मला थोडं थोडं सांगितलं. आजीकडून तिनं काढून घेतलेलं. ताप दोन दिवस होता. आप्पा दौंडला होते. निरोप घेऊन माणूस गेला तेव्हा खेळ चालू होता. आप्पा पोचले तोवर गावातल्या माणसांनी सगळं उरकलं होतं. लहान लेकराला पुरतात, दहावा-तेरावा करत नाहीत. माणसं जमत नाहीत, जेवणं होत नाहीत. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या आईनं मुलीचे झगे, बाहुली, सगळं नदीला सोडलं. फोटो काढलेलाच नव्हता. आठवड्यानं आप्पा पुन्हा कामावर गेले. त्या घरात एक मुलगी होती हे दाखवणारी एकही वस्तू उरली नाही. नाव तेवढं होतं. तेही कुणी घेतलं नाही.

आप्पा त्या दिवसापासून फार बोलत नाहीत. मी जातो, चहा होतो, पावसापाण्याचं होतं. तबकडीचा विषय निघत नाही. बाळासोंनी दौंडहून निरोप पाठवला होता की शेवटचा भाग कसा काय, चिमणी आली का. आप्पांनी उत्तर पाठवलं नाही.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सकाळ होती. पडवीत मावशी हार ओवत होत्या. लग्नसराईची ऑर्डर होती. आप्पा समोर बसून शेवंतीचे देठ खुडून देत होते. मी पायरीवर बसलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण थांबले नाहीत. बहुधा बराच वेळ ठरवत असावेत.

“शितल,” ते म्हणाले.

मावशींची सुई थांबली.

“ज्ञानेश मला आप्पा म्हणतो,” ते म्हणाले. “शितल काय म्हणायची?”

मावशींनी वर पाहिलं. मग अंगणाकडे पाहिलं. त्या आठवत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांना लगेच आठवेल असं मला वाटलं. आप्पांनाही वाटलं असावं. ते थोडे पुढं वाकले होते.

“भाऊजींची पोरं तुमाला दादा म्हणायची,” मावशी म्हणाल्या. “ती बी दादाच म्हणत आसंल.”

“आसंल?”

मावशी पुन्हा आठवू लागल्या. ओठ हलले. एखादा शब्द तोंडात घोळवून बघतात तसे. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

“आवाज येत न्हाई तिचा,” त्या म्हणाल्या. “त्या चिमणीचं सगळं ध्यानात हाय. कुठल्या साली काय केलं, सगळं. हिचं ऱ्हायलं न्हाई. तवा इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

आप्पांनी टोपलीतलं फूल घेतलं, देठ खुडला, ते मावशींपुढं ठेवलं. त्यांनी ते ओवलं. मी जरा वेळ बसलो आणि चहा न घेता निघालो.